पांढरा वाफा

सुपा, सरकारी फार्म
रविवार, ११ मार्च १९४५

चांदबीस कादरचा सलाम.

मी इकडे बरा आहे. तिकडेही सगळे बरे असतील असं धरून चालतो. धरून चालतो असंच म्हणावं लागतं, कारण तुला जाऊन आठवडा झाला आणि पोहोचल्याचं साधं कार्ड नाही. की टाकलं होतंस आणि पोस्टमननं ठेवून घेतलं? त्या माणसाचा मला भरवसा नाही. मागच्या महिन्यात आलेल्या पाकिटाची एक कड उचकटलेली होती. मी तुला दाखवली तेव्हा तू हसली होतीस.

आता मुद्द्याचं. हे पत्र तुझ्या अब्बांनाही वाचून दाखव, म्हणून तुला ठाऊक असलेलंही पहिल्यापासून लिहितो. पुण्याच्या साहेबांनी फार्मवर दोन वाफे आखून दिले. दोन्ही बारा फूट लांब, आठ फूट रुंद, दोन्ही काळ्या मातीचे. एक तसाच उघडा ठेवायचा. दुसऱ्यावर चुन्याची भुकटी अशी पसरायची की माती दिसता कामा नये. दोन्हींत एक इंच खोल थर्मामीटर पुरलेले. ते मी सकाळी सातला आणि दुपारी दोनला वाचायचे. काळी माती ऊन पिते, पांढरा चुना आलेलं ऊन आल्या वाटेनं परत पाठवतो. ज्वारीचं कोवळं रोप मुळाशी भाजून मरतं ते असं वाचवता येईल का, एवढंच पाहायचं होतं.

पंधरा जानेवारीला नागापूरच्या भट्टीचा, म्हणजे तुझ्या अब्बांच्याच भट्टीचा चुना पसरला. पहिल्या दुपारी दोन वाफ्यांत अठरा अंशांचा फरक निघाला. साहेब खूश, मी खूश. आणि मग तो फरक गळायला लागला. सतरा, पंधरा, बारा. फेब्रुवारी सरता सरता आठ. ऊन रोज चढतंय आणि फरक रोज उतरतोय! वाफा पांढऱ्याचा राखाडी झाला. चुन्यात भट्टीची राख मिसळली असली तर दंवानं चुना खाली बसणार आणि राख वर येणार, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? पाणी कुठंतरी मुरत होतं.

तरी मी पुण्याला लिहिण्याआधी तुझ्या अब्बांना विचारायला नागापूरला आलो. २ तारखेला, तूही बरोबर होतीस. भट्टीवर सगळ्या मजुरांसमोर ते काय म्हणाले ते सगळ्यांनी ऐकलं. "व्हय, मिसळली राख. झाली माझ्याकडनं चूक." हे शब्द मी त्यांच्या तोंडात घातले नव्हते. मग मी कळवलं आणि सरकारी यादीतून त्यांचं नाव गेलं. मी नसतं कळवलं तर माझं गेलं असतं. आणि तू रविवारी सकाळी पत्र्याची पेटी उचलून चालती झालीस, जशी काही राख मीच मिसळली होती.

बातमी अशी की गेल्या मंगळवारी पुण्याहून दुसरा चुना आला. जुना खरवडून टाकला, नवा पसरला. आज पाच दिवस झाले, फरक अठरावर ठाम आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

परत कधी येतेस ते कळव. डाळीत मीठ किती घालायचं हे तू कधी सांगितलं नाहीस. तीन दिवस मी मोजून घालतोय आणि तीनही दिवस ती खारट झाली आहे.

कादर


रविवार, १८ मार्च

चांदबीस,

अजून उत्तर नाही. पत्र तुझ्या हाती पडतं का? पडत असेल आणि तू लिहीत नसशील, तर तेही लिहून कळव.

बुधवारी पुण्याचे साहेब येऊन गेले. वही पाहिली, आकडे पाहिले, मान डोलावली. मग बांधावर बसून बोलत राहिले. म्हणाले, "कादर, लोकांना वाटतं सूर्य हवा तापवतो. तसं नाही. ऊन हवेतून खाली येतं तेव्हा हवेला त्याची जेमतेम झळ लागते. तापते ती जमीन. आणि मग जमीन हवेला खालून तापवते." म्हणून भर दुपारी उभ्या माणसापेक्षा रांगणाऱ्या पोराला झळ जास्त, असंही ते बोलून गेले. त्यांना काय ठाऊक. मी वही मिटून पाणी आणायला उठलो.

परत आलो तोवर विषय बदलला होता. सकाळी सातला दोन्ही वाफे जवळजवळ सारखेच का निघतात, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले की पांढऱ्याचा पांढरेपणा उन्हापुरताच. रात्री काळा काय नि पांढरा काय, दोघंही आपली ऊब आकाशाला सारखीच देऊन बसतात. ढग असले तर गोधडी पांघरल्यासारखी ती थोडी परत मिळते, आभाळ मोकळं असलं तर गेलीच. आता खरं सांगतो. सकाळचे ते सारखे आकडेही मी महिनाभर तुझ्या अब्बांच्या खात्यावर मांडत होतो. चुना खरा असता तर रात्रीही फरक राहिला असता, असा माझा समज. तो चुकीचा निघाला. साहेबांना हे मी सांगितलं नाही, तुला सांगतो. पण एक समज चुकला म्हणून सगळी तक्रार चुकत नाही. दुपारचे आकडे आहेतच, आणि कबुलीही आहेच.

साहेबांनी विचारलं, "घरी कुणी नाही?" मी म्हटलं, माहेरपणाला गेली आहे. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. गेटवरच्या सहादेवनं त्यांना काही सांगितलं असेल का? तू पेटी घेऊन गेलीस तेव्हा तोच गेटवर होता.

आणखी एक. कोठीत हत्यारांच्या मागं तुझ्या अब्बांच्या चुन्याचं एक पोतं सापडलं. शिवण तशीच आहे, उघडलेलं नाही. एक ओंजळ पाण्यात ढवळून पाहिली. राख असती तर वर तरंगली असती. तरंगली नाही. पण बारीक राख कधी कधी दडून बसते. म्हणून आता पांढऱ्या वाफ्याशेजारी चार फुटांचा तिसरा तुकडा केला आहे, त्यावर हाच चुना टाकला आहे आणि तिसरा थर्मामीटर पुरला आहे. आठ दिवसांत तो राखाडी पडेल. मग तुझ्या अब्बांच्या बाजूनं बोलायला तुझ्याकडे काही उरणार नाही.

कादर


शनिवार, ३१ मार्च

चांदबीस,

तिसरा तुकडा राखाडी पडला नाही.

तेरा दिवस झाले. दंव पडलं, वारा सुटला, शिमगा होऊन गेला. माझ्या डोळ्यांना दिसत नाही असं वाटून मी साहेबांनी दिलेला पांढरा कागद जमिनीशी धरून पाहिला. पुण्याचा चुना आणि नागापूरचा चुना यांत मला तरी डावंउजवं करता येत नाही. दुपारचा फरक दोन्हीकडे अठरा. थर्मामीटर बदलून पाहिले. तरी अठरा.

म्हणजे तुझ्या अब्बांचा, गनीभाईंचा चुना खरा होता. मग त्यांनी खोटं का कबूल केलं?

हा प्रश्न डोक्यात आला तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. त्या दिवशीचं सगळं पुन्हा आठवून बघतो आहे. भट्टीवर आपण पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. मी विचारलं, ते साफ नाही म्हणाले. नुसते नाही म्हणाले नाहीत, चिडले. "माझ्या चुन्यात राख? कादरमियाँ, भट्टी पाडून टाकीन, पर असलं काम करायचा न्हाई." मग मी जुम्म्याच्या नमाजासाठी हातपाय धुवायला विहिरीवर गेलो. तू आत गेलीस. ते तुझ्या मागोमाग आत गेले. मी परत आलो तेव्हा ते बाहेर उभे होते, चेहरा उतरलेला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, व्हय, मिसळली. अकरा वाजता नाही आणि साडेअकराला हो. मधल्या अर्ध्या तासात आत तू होतीस आणि ते होते. आकडे रोज लिहिणाऱ्या माणसाच्या हे महिनाभर ध्यानात येऊ नये?

तुम्ही दोघं कुणाला तरी पाठीशी घालत होता. कुणाला, ते मी शोधून काढणार आहे.

पहिला संशय सहादेववर. फार्मवर जाणारं येणारं प्रत्येक पाऊल त्याच्या डोळ्यांखालून जातं. पण त्याला दुपारी बारा ते दोन घोरण्यापलीकडे काही करताना मी पाहिलेलं नाही. दुसरा राहीबाईवर. खुरपणीला येते ती. पहिल्या दिवशी चुना पसरला तेव्हा तिनं तोंडाचा चांगलाच पट्टा सोडला होता. "काळी आई ती! तिच्या तोंडाला चुना फासला. पांढरी माती गावाची आसती, रानाची न्हाई. वाईट हुईल बगा." मी हसण्यावारी नेलं. आता हसू येत नाही.

म्हणून मी सापळा लावला. वाफ्याच्या चारी बाजूंना चाळलेली माती अंथरली, हातानं सपाट केली. कुणी आलं की पावलं उमटणार. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पावलं उमटलेली! ठसठशीत, खिळ्यांच्या वहाणांची. मी मोजपट्टी आणली, लांबी घेतली, वहीत चित्र काढलं. मग माझ्या लक्षात आलं की फार्मवर खिळ्यांच्या वहाणा एकच माणूस घालतो, आणि तो रोज सातला आणि दोनला तिथं जातो. राहीबाईनं हे बांधावरून पाहिलं. पदर तोंडाशी धरून ती किती वेळ हसत होती ते विचारू नकोस.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भर दुपारी चांदणं पडलेलं आहे. तुला काही माहीत असेल तर सांग, चांदबी. मी रागावणार नाही. असं मी याआधीही म्हणालो आहे आणि रागावलो आहे, हे मला आठवतं.

कादर


रविवार, ८ एप्रिल

चांदबी,

मला कळलं.

गुरुवारी दुपारी राहीबाई लिंबाखाली भाकरी खात बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सरळ विचारलं, वाफ्यावर माती कोण टाकत होतं? तिनं भाकरी फडक्यात गुंडाळली.

"मला कशाला इचारता, कादरभाऊ? तुमच्याच सैपाकघराला खिडकी हाय. दुपारचं तितं बसून बगा."

"काय बघू?"

"भाबी बगायच्या ते."

मी आत आलो. तुझा पाट चुलीजवळ होता तिथंच होता. त्यावर बसलो. या घरात तीन वर्षं राहून त्या जागी मी एकदाही बसलो नव्हतो. सव्वा वाजला होता. खिडकीतून मला वाटलं होतं दोन वाफे दिसतील. दोन दिसत नाहीत. काळा वाफा भोवतीच्या काळ्या रानात मिसळून जातो, तिथं वाफा आहे हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. दिसतो तो एकच. लांबट, पांढराफेक, चारी बाजूंनी काळी माती. उन्हात त्याच्याकडे बघवत नाही आणि मान वळवली तरी डोळ्यांपुढं तोच राहतो.

सुप्याच्या कबरस्तानात तुझ्या अब्बांनी स्वतःच्या हातानं आपल्या लहानग्या जहिराच्या कबरीला चुना लावला होता. मी परत येऊन तुला सांगितलं, पांढरीशुभ्र झाली आहे, लांबून दिसते. तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं. तू ती कधी पाहिलेली नाहीस. आणि आठ महिन्यांनी तिच्यासारखीच एक मी तुझ्या खिडकीसमोर आखून दिली, तिची लांबी रुंदी वहीत लिहिली आणि रोज दोनदा तिच्यापाशी जाऊन वाकून उभा राहू लागलो.

संध्याकाळी राहीबाईनं बाकीचं सांगितलं. "तुमी नमाजाला आत गेलात की भाबी यायच्या. पाटी न्हाई, फावडं न्हाई. बांधावरची माती नुसत्या हातानं घ्यायच्या नि टाकायच्या. जरा येळ उब्या ऱ्हायच्या, की माघारी. मी बगितलं, पर मी कशाला बोलू? माझंबी एक लेकरू गेलेलं हाय."

म्हणजे अब्बांना तू त्या अर्ध्या तासात खरं सांगितलंस. आणि त्यांनी बाहेर येऊन ते आपल्या अंगावर घेतलं. निरीक्षकाच्या बायकोनंच सरकारी प्रयोग बिघडवला हे कळलं असतं तर माझी नोकरी राहिली नसती, आणि तुझ्याबद्दल लोक काय बोलले असते ते वेगळंच. तुला त्यांनी शपथ घातली असणार. नाहीतर तू गप्प बसणाऱ्यातली नाहीस. ज्या माणसानं माझी भाकरी राखली त्याला मी मजुरांसमोर चोर ठरवलं. मला शरम वाटते, चांदबी. दुसरा कुठलाही शब्द मी शोधत नाही.

आता जे आपण दोघं बोलत नाही ते लिहितो. गेल्या मे महिन्याची एकोणीस तारीख. सकाळपासून जहिराचं अंग तापलेलं. तू म्हणालीस, पावणेदोनच्या मोटारीनं नगरला नेऊ. मी म्हणालो, दोनचं वाचन घेतो, चारच्या मोटारीनं जाऊ, तोवर ताप उतरेल. फार्मवर दुसरा वाचणारा नव्हता. एक दिवस चौकट कोरी राहिली असती तर कुणी फाशी दिलं नसतं. चारच्या मोटारीत ती तुझ्या मांडीवर गेली, नगर अजून लांब होतं. त्या दिवसाचा दोनचा आकडा वहीत आहे. माझ्याच अक्षरात, नीट, एकही खाडाखोड नाही. ते पान तू पाहिलं आहेस हे मला ठाऊक आहे, कारण त्या पानावर हळदीचा डाग आहे.

पावणेदोनची मोटार धरली असती तर ती वाचली असती का, हे कुणी सांगू शकत नाही. हा एक आकडा मला कधीच मिळणार नाही. मी जगावर संशय घेत फिरतो तो बहुतेक याच कारणानं. सगळे काहीतरी लपवतात असं वाटत राहिलं की आपण लपवलेलं जरा कमी टोचतं.

कादर


रविवार, २२ एप्रिल

चांदबी,

साहेबांना मी सगळं कळवलं. गनीभाईंचा चुना शुद्ध होता, तिसऱ्या तुकड्याचे आकडे सोबत जोडले. जानेवारी ते मार्चची वाचनं बिघडली ती निरीक्षकाच्या घरातून, आणि त्याला कारण निरीक्षक स्वतः, असंही लिहिलं. तुझं नाव घातलं नाही. घरात दुसरं कोण होतं, असं ते विचारू शकले असते. त्यांनी विचारलं नाही.

काल उत्तर आलं. तुझ्या अब्बांचं नाव पुन्हा यादीवर घेतलं आहे. मला कडक शब्दांत समज दिली आहे आणि पुढं ठेवायचं की नाही ते जूनमध्ये ठरेल. ठेवलं तर ठेवलं. पत्राच्या शेवटी मात्र त्यांनी एक ओळ वाढवली आहे. चुन्यावर काळ्या मातीचा थोडा थोडा थर चढत गेला की उन्हाची परतफेड कशी कमी होते, हे नाहीतरी त्यांना पाहायचंच होतं. रानात वारा सुटला की तेच होणार. तेव्हा रोज साधारण किती माती पडत होती ते कळवा, म्हणजे वाचनं वाया जाणार नाहीत.

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. साहेब वाईट माणूस नाही. तीन महिन्यांपूर्वी मीही हेच विचारलं असतं. तुला समोर बसवून, तराजू आणून.

मी लिहून पाठवलं, मोजमाप उपलब्ध नाही. नोकरीत पहिल्यांदा असं लिहिलं. तुला तो पांढरा रंग डोळ्यांआड करायचा होता. मी तो रोज तुझ्यापुढं उघडा ठेवत होतो. त्याचं वजन मी तुला विचारणार नाही.

येत्या शुक्रवारी सकाळच्या मोटारीनं मी नागापूरला येतो. ज्या मजुरांसमोर मी तुझ्या अब्बांना बोललो त्याच मजुरांसमोर त्यांची माफी मागणार आहे. त्या दिवशीची वाचनं राहीबाई घेईल. तिला आकडे येतात. शिकवताना मला कळलं की ती माझ्यापेक्षा सावकाश आणि बरोबर वाचते.

तू परत यावंस असं मला वाटतं. फार वाटतं. पण बोलावणं आलं म्हणून येऊ नकोस. तुला वाटलं तरच ये.

कादर


नागापूर
बुधवार, २५ एप्रिल १९४५

जहिराच्या अब्बांना सलाम.

तुमची पाचही पत्रं मिळाली. पोस्टमन काही उघडत नाही. तुम्ही पाकिटाला खळ कमी लावता.

उत्तर दिलं नाही कारण अब्बांनी शपथ घातली होती. तोंड उघडलंस तर माझा मेलेला चेहरा बघशील, म्हणाले. ती शपथ त्यांनी काल सोडवली. तुम्ही यादीत नाव परत घालून दिलंत ते कळल्यावर ते भट्टीच्या मागं जाऊन बराच वेळ बसले होते. मला वाटलं खोकतायत. खोकत नव्हते. एवढ्या लोकांसमोर चोर व्हायला त्यांना सोपं गेलं नव्हतं, आणि तुम्ही तेव्हा अर्ध्या शब्दावर विश्वास ठेवलात याचा मला राग आहे. त्यांना बारा वर्षं ओळखता तुम्ही. तुमच्या थर्मामीटरला नसेल ठाऊक, तुम्हाला तरी ठाऊक असायला हवं होतं.

पावणेदोनच्या मोटारीचं मला कधीच विसरता आलेलं नाही. तुम्ही ते लिहिलंत हे बरं केलंत. माफ केलं की नाही ते मला सांगता येत नाही. कधी केल्यासारखं वाटतं, कधी नाही.

साहेबांना मात्र तुम्ही खोटं कळवलंत. मोजमाप आहे.

तीन मुठी. रोज तीन, कमी नाही जास्त नाही. १९ जानेवारीच्या जुम्म्यापासून १ मार्चपर्यंत, बेचाळीस दिवस. गुणाकार तुम्ही करा. आणि रंग झाकायला नव्हती टाकली मी माती, तेवढं तुम्हाला अजूनही कळलेलं नाही. तिला नेलं तेव्हा मी दाराशी उभी होते. बायका कबरस्तानात जात नाहीत म्हणाले सगळे. तुम्ही तीन मुठी माती दिलीत. अब्बांनी तीन दिल्या. सहादेव आपल्यातला नाही, त्यानंसुद्धा पागोटं काढून तीन दिल्या. तुम्ही परत आलात तेव्हा नखांत माती होती, ती तुम्ही माझ्यासमोर पाण्यानं धुतलीत. नऊ महिने पोटात आणि दीड वर्ष कडेवर जिनं वागवली तिची एक मूठ नाही तिच्यावर. मग मी कुठं देऊ? तुम्ही समोर आखून दिलीत तिथं दिली. पहिल्या दिवशी दिल्यावर वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी वाटलं, पोचली नसेल. असं रोजच वाटायचं.

शुक्रवारी या. अब्बांची माफी मागा. ते लगेच जाऊ दे म्हणतील, तरी पुरी मागा. मग मी पेटी घेऊन तुमच्याबरोबर मोटारीत बसेन. पण सुप्याला उतरल्यावर फार्मकडं वळायचं नाही. आधी कबरस्तान. लोक काही म्हणाले तर तुम्ही ऐकून घ्या. या वेळी दाराशी तुम्ही उभे राहा. आत मी जाणार आहे.

चांदबी